छत्तीसचा आकडा

माझ्या विजेच्या सायकलची बॅटरी वार्धक्याने गेली, तेव्हा नवी आणणे हे अर्ध्या तासाचे काम आहे अशी माझी भाबडी समजूत होती. "किती व्होल्टची हवी?" या प्रश्नाला "चांगल्यातली द्या" हे उत्तर चालत नाही, हे मला दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कळले.

जुन्या बॅटरीवर ३६ लिहिलेले होते. परंतु माझ्या मेहुण्याला तो आकडाच मान्य नव्हता. "भावोजी, ४८ची बसवा, सायकल नुसती पळेल!" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मोटरच्या फिरण्याचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तीच मोटर मोकळी फिरवली तर सुमारे एकतृतीयांश अधिक वेगाने फिरली असती. किती दिवस फिरली असती, हे मात्र त्याने सांगितले नाही. मोटरला बेताने वीज पुरवणारा माझा कंट्रोलर ३६चा, आणि ४८ची बॅटरी पूर्ण चार्ज झाली की भरते ५४.६ व्होल्ट. या दोघांचे जमणे कठीण होते, कारण त्यांचा शब्दशः छत्तीसचा आकडा होता.

"पण ४८ची लांब जाते," मेहुण्याने दुसरा बाण सोडला. मग मी कागद घेऊन व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (म्हणजे बॅटरीचा साठवणीचा आकडा) असा हिशेब मांडला. ३६ गुणिले १३ म्हणजे ४६८ वॉट-अवर एवढी ऊर्जा आणि ४८ गुणिले १० म्हणजे ४८०. पल्ल्याच्या बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी. मेहुण्याने तो कागद उलटा करून पाहिला, पण मागे काही नव्हते.

शेवटी ३६चीच आणली, रात्रभर नव्हे तर समोर बसून चार्ज केली आणि खात्रीसाठी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या, तर पडद्यावर ४१.८! आपल्याला फसवून भलतीच बॅटरी गळ्यात मारली, या संतापात मी निम्मी संध्याकाळ घालवली. पुढे उलगडा झाला, तो असा की आत एकापुढे एक जोडलेले दहा सेल असतात. प्रत्येक सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, रिकामा होताना ३च्या आसपास येतो, आणि ३६ हा आकडा या चढउताराच्या मधला.

"म्हणजे ही नक्की किती व्होल्टची?" बायकोने विचारले. चार्जर काढल्या काढल्या विचारते आहेस की चढ चढून आल्यावर, एवढे आधी ठरव, असे मी सांगताच तिने चार्जर उचलून त्यावरचा ४२ हा आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "अहो, मग हाही चुकीचाच आणलात का?"