दाताच्या मुळाचं टोक कापलं की नजर जाते म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की रूट कॅनल केलेला दात परत दुखला तर डॉक्टर मुळाचं टोक कापायला सांगतील, अजिबात कापू नका, वरच्या दातांच्या नसा डोळ्याला जोडलेल्या असतात, नजर जाते, दात खिळखिळा होतो, अँटिबायोटिक घ्या, लवंगेचं तेल लावा. काकूने हे वाचून अपॉइंटमेंट कॅन्सल केली म्हणून लिहितोय.

आधी डोळा. वरच्या दातांची नस ही ट्रायजेमिनलची, म्हणजे चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेची फांदी, आणि दिसतं ते ऑप्टिक नसेमुळे, दोन्ही वेगळ्या. उलट पू तसाच साठू दिला तर वरच्या सुळ्याची सूज डोळ्याखालपर्यंत चढू शकते. विचारायचंच असेल तर खालच्या दाढांचं विचारा, तिथे ओठाला संवेदना देणारी नस जवळून जाते, वरच्या दाढांपाशी सायनस असतो, म्हणून तर अशा जागी आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढतात.

खिळखिळा? अहो, कापतात साधारण 3 मिमी, पुढच्या दाताचं मूळ असतं 12-13 मिमी. आणि 3च का, तर मुळातल्या नळीला टोकाशी केसासारखे फाटे फुटलेले असतात, ते बहुतेक सगळे त्या शेवटच्या तुकड्यात, रूट कॅनलची फाईल, म्हणजे नळी साफ करायची बारीक सुई, तिथे पोचत नाही आणि जंतू नेमके तिथेच दबा धरून बसतात. हिरडी उघडून ते टोक काढायचं, उरलेल्या मुळात उलट्या, म्हणजे टोकाच्या बाजूने आणखी 3 मिमी कोरून एमटीए नावाचं सिमेंट भरायचं, टाके घालायचे. भूल फक्त हिरडीपुरती. हाड भरून यायला मात्र कित्येक महिने जातात.

अँटिबायोटिकने सूज उतरते हे खरं, त्यामुळेच लोक फसतात. मेलेल्या दाताच्या आत रक्त जातच नाही, मग गोळी पोचणार कशी? हिरडीवरची पुळी बसते, महिन्याभराने परत येते, परत कोर्स. लवंगेने दुखणं दबतं, बस.

आता डॉक्टरांनाही जरा प्रश्न विचाराच. 2010 सालच्या एका आढाव्यात जुन्या पद्धतीचं यश 59 टक्के निघालं होतं, मायक्रोस्कोप वगैरे वापरून केलेल्याचं 94. आणि मूळ उभं तडकलं असेल तर टोक कापून काही होत नाही, दात बहुतेक काढावाच लागतो.

काकू, फोन करून वेळ परत घे आणि मायक्रोस्कोप आहे का तेवढं विचार.