एकच हिरो, पाचशे मॅच: या सल्ल्यात कुठे गडबड आहे

डोटा २ (पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन गेम, प्रत्येकाकडे एक हिरो) खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला कायम फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. एक हिरो धर, त्याच्यावर पाचशे मॅच मार, हात बसेल आणि एमएमआर (रँक ठरवणारा आकडा) आपोआप चढेल. बाकीचे हिरो काय करतात ते व्हिडिओ बघूनही कळतं. वर पोचलेले सगळे वन-ट्रिकच, म्हणजे एकाच हिरोवर खेळणारे असतात. दर मॅचला नवा हिरो घेणाऱ्याचं मात्र 'एक ना धड, भाराभर चिंध्या' होतं, आणि त्याच्यापायी टीम बुडते ती वेगळीच.

काल गेम डाउनलोड केलेल्या पोराला हे सांगितलं तर माझी हरकत नाही. सव्वाशेच्या घरात हिरो आहेत, त्याने दोन-तीन धरून बसावं हेच बरं. पण हा सल्ला सर्रास दिला जातो तो वर्षानुवर्षं एकाच रँकवर अडकलेल्यांना, आणि त्यांच्यासाठी तो चुकीचा आहे.

पहिलं, हात बसण्याचं. हात कशावर बसतो? लास्ट हिट (क्रीपला, म्हणजे लेनमधून आपोआप चालत येणाऱ्या सैनिकांना, शेवटचा फटका मारून सोनं घेणं), डिनाय (आपलाच क्रीप मारून ते सोनं समोरच्याला मिळू न देणं), क्रीप ओढणं, दर काही सेकंदांनी मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) नजर टाकणं, टीपी (टेलिपोर्ट) योग्य वेळी वापरणं. यातलं काहीच एका हिरोच्या मालकीचं नाही. उलट एकाच हिरोवर लास्ट हिट शिकलेल्याला त्या एका हिरोचा ठेका पाठ होतो, क्रीपची हेल्थ वाचायची सवय लागत नाही. क्रिस्टल मेडन घेऊन लेनमध्ये उभे राहा. डॅमेज कमी, हात उगारायलाच वेळ लागतो. तिच्यावर ज्याला क्रीप मारता येतात त्याला कुठल्याही हिरोवर येतात.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त पटण्यासारखा वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही तोच करतो: बाकीचे हिरो बघून कळतात. मॅचमध्ये आपण एक, बाकीचे नऊ. त्या नऊ जणांना काय येतं हे वाचून कळतं, मान्य. टाइडहंटरचं रॅव्हेज (त्याचा सगळ्यात मोठा स्पेल) साधारण अडीच मिनिटांनी परत येतं, हा आकडा कुणालाही पाठ करता येईल. पण सुरुवातीला टाइडकडे मॅना (स्पेल टाकायला लागणारी शक्ती) किती तुटपुंजा असतो आणि रॅव्हेज टाकायचं म्हणून तो बाकीच्या स्पेल कशा हात आखडून वापरतो, हे टाइड खेळल्यावरच अंगात भिनतं. मग समोरच्या टाइडने लेनमध्ये दोनदा गश (त्याचा एक छोटा स्पेल) टाकला की रॅव्हेजपुरता मॅना उरला नसेल हे ओळखून आपण बिनधास्त पुढे सरकतो. पुजचंही तसंच. त्याचा शत्रूला ओढून आणणारा हुक सरळ रेषेत जातो आणि मध्ये क्रीप आला तर अडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुज लेनमधून दिसेनासा झाला की तो नेमक्या कुठल्या झाडांमागे उभा असेल, याचा अंदाज स्वतः तिथे उभं राहून हुक चुकवलेल्यालाच येतो.

आणि हे फक्त शत्रूपुरतं नाही. फक्त स्नायपर (लांबून गोळ्या मारणारा हिरो) खेळणाऱ्यांची कायमची तक्रार आठवा: "अ‍ॅक्स आत का जात नाही?" अ‍ॅक्स म्हणजे आधी आत घुसणारा हिरो. त्यांना चार मॅच त्याच्यावर खेळायला लावा. ब्लिंक डॅगर (क्षणात उडी मारायची वस्तू) खिशात असतो, पण समोरच्या हिरोने जरा खरचटवलं तरी तो तीन सेकंद चालत नाही. बर्सर्कर्स कॉलचा (शत्रूंना पकडून ठेवणाऱ्या त्याच्या स्पेलचा) घेर एवढा लहान की उडी जवळजवळ अंगावरच पडायला हवी. एवढं सगळं जमवून तीन जणांना पकडलं आणि मागे वळून पाहिलं, तर आपला स्नायपर अजून जंगलात क्रीप मारतोय! हा अनुभव एकदा आला की माणूस परत स्नायपरवर जातो तेव्हा वेगळ्या जागी उभा राहतो. कबड्डीत चढाईत कितीही नाव कमावलेला खेळाडू समोरची चढाई आली की पकडीच्या साखळीत उभा राहतोच. आपल्याकडे मात्र कॅरी (सोनं जमवून नंतर मॅच जिंकून देणारा हिरो) खेळणाऱ्याने आयुष्यात वॉर्ड (नकाशाच्या एका भागावर नजर ठेवणारी वस्तू) लावलेला नसतो. सपोर्ट (बाकीच्यांना सांभाळणारा हिरो) खेळलेल्या कॅरीला शत्रूचा वॉर्ड कुठल्या उंचवट्यावर असेल याचा वास येतो. तो उगीच शत्रूला दिसेल अशा जागी क्रीप मारून सोनं जमवत बसत नाही.

आता वरच्या रँकचे वन-ट्रिक. ते आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कुठले हिरो घेतात ते बघा: मीपो, हस्कर, ब्रूडमदर. हे हिरो फार कमी लोक खेळतात आणि म्हणूनच त्यांच्यासमोर काय करायचं हे फार कमी लोकांना कळतं. रक्त अर्ध्यावर आलेला हस्कर दिसला की नवखे 'मेला मेला' म्हणत धावतात, आणि हस्कर खरा धोकादायक होतो तो तेव्हाच. मीपो स्वतःचे क्लोन घेऊन खेळतो आणि त्यातला एक मेला की सगळे मरतात. मीपो खेळलेला माणूस म्हणून कडेला पडलेला, कमी हेल्थचा एकच पकडतो. बाकीचे खेळाडू पाचही मीपोंच्या मागे धावत सुटतात. म्हणजे वन-ट्रिकचा रँक चढतो तो आपण त्याचा हिरो कधी हातात न घेतल्यामुळे. या उदाहरणावरून 'तुम्हीही एकच हिरो खेळा' असं कसं निघतं, मला तरी कळलेलं नाही.

प्रो खेळाडूंचं नाव तर या सल्ल्यात येताच कामा नये. कॅप्टन्स मोडमध्ये (दोन्ही कॅप्टन आळीपाळीने हिरो निवडतात आणि बॅन करतात) कुणाचा एक हिरो ठरलेला आहे हे कळलं की तो बॅन होतो, विषय संपला. 2019 मध्ये शांघायच्या 'द इंटरनॅशनल' या डोटाच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत ओजी संघाच्या अ‍ॅनाने आयो कॅरी म्हणून खेळला. वर्षानुवर्षं सपोर्ट मानला गेलेला हिरो! ओजीने आयो उचलला तरी तो कोण खेळणार, हे समोरच्यांना ड्राफ्टमध्ये (हिरो निवडताना) ओळखता येईना. ओजीने फायनल लिक्विड संघाविरुद्ध 3-1 ने जिंकली आणि लागोपाठ दोनदा ही स्पर्धा जिंकणारा पहिला संघ ठरला. शेजारच्या लीग ऑफ लेजंड्समध्ये तर 2025 पासून मोठ्या स्पर्धांत फियरलेस ड्राफ्ट आहे: मालिकेत एकदा वापरलेला चॅम्पियन (तिथला हिरो) पुढच्या गेममध्ये दोन्ही संघांना बंद. तिथे एकावर विसंबलेला खेळाडू दुसऱ्या गेमलाच उघडा पडतो.

राहिला टीम बुडवण्याचा मुद्दा. तो खरा आहे. पहिल्यांदा इन्व्होकरसारखा अवघड हिरो घेऊन रँक्डमध्ये शिरणाऱ्याला शिव्या बसतात त्या योग्यच बसतात. पण शिकायला रँक्डच कशाला हवं? डेमो मोड आहे, बॉट्स आहेत, अनरँक्ड आहे. सिंगल ड्राफ्ट तर मोजके हिरो समोर ठेवून तुम्हाला नेहमीच्या सवयीबाहेर ढकलतो. टर्बोवर (झटपट मॅचच्या मोडवर) मात्र फार भिस्त नको. सोनं आणि एक्सपी इतक्या झपाट्याने येतात की लेनिंग शिकायला मिळतच नाही. लीगमध्ये चॅम्पियन विकत घ्यावे लागतात किंवा आठवड्याला फुकट मिळणाऱ्यांवर भागवावं लागतं. डोटात हिरोसाठी पैसे पडत नाहीत, त्यामुळे ती सबबही नाही.

सव्वाशे हिरो कुणीच शिकायला सांगत नाही. कामं वेगवेगळी असलेले चार-पाच पुरतात. आधी आत उडी मारणारा एक. लेन सांभाळणारा सपोर्ट एक. नेचर्स प्रॉफेटसारखा कुठेही टेलिपोर्ट होणारा एक, कारण त्याच्यावर मिनिमॅप न बघता खेळताच येत नाही आणि ती सवय नंतर सुटत नाही. बाकीचे निवडायला रिप्ले उघडा. ज्या हिरोने तुम्हाला परत परत मारलं, पुढच्या अनरँक्डमध्ये तोच घ्या. तुमच्यावर उडी टाकताना त्याच्याकडे मॅना किती उरला होता आणि स्टन चुकला असता तर तो तिथून निघणार कसा होता, ते पहिल्या पंधरा मिनिटांत कळेल.