भैरवी, ऑटो कॉर्ड आणि सहाशे बावीस टोन

अरेंजर कीबोर्ड, म्हणजे ताल आणि साथ स्वतःच वाजवणारा कीबोर्ड, घ्यायला आलेला माणूस दुकानात सगळ्यात आधी डेमोचं बटण दाबतो. कीबोर्ड एकटाच असा काही वाजतो की वाटतं, आता आपलं कामच काय उरलं! माझं म्हणणं, आधी तो डेमो बंद करा. तो वाजवणारे खोक्यातून येत नाहीत.

मग सुरू होतो आकड्यांचा मारा. 'सर, सहाशे बावीस टोन!' टोन म्हणजे वेगवेगळे आवाज, आणि यामाहा पीएसआर-ई३७३ मध्ये ते तेवढे आहेतही. पण त्यातले ३३९ एक्सजीलाइट नावाच्या संचातले, म्हणजे मुख्यतः मिडी फायली (कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या नोंदी) नीट वाजाव्यात म्हणून भरलेले. त्यांत टेलिफोनची रिंग आहे, हेलिकॉप्टर आहे. भजनात हेलिकॉप्टर कितीदा लागतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मोजायचीच तर पॉलिफोनी मोजा, म्हणजे एका वेळी किती स्वर वाजू शकतात ते. स्टाइल, म्हणजे तयार ताल-साथ, चालू झाली की ड्रम, बेस, स्ट्रिंग्ज सगळे त्याच पंगतीत जेवायला बसतात. वाढप ३२ पानांचंच असेल, आणि तुम्ही दोन टोन एकावर एक लावून सस्टेन (स्वर लांबवणारं पेडल) दाबलात, तर आधीचे स्वर गुपचूप उठून जातात. घरी ४८ पुरतात. स्टेजवर जायचं असेल तर ६४ च्या खाली नको.

आता कीज. ६१ म्हणजे पाच सप्तकं, ऐकायला भरपूर. पण ऑटो कॉर्ड लावला, म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड दाखवून साथ यंत्रावर सोपवली, की यामाहाचा स्प्लिट, म्हणजे दोन हातांमधली हद्द, मुळात एफ शार्प २ वर असतो. डावीकडच्या १९ कीज कॉर्डला गेल्या. उरल्या ४२, म्हणजे साडेतीन सप्तकांच्या हार्मोनियमएवढ्या! गाण्याची साथ तेवढ्यात आरामात होते. दोन्ही हातांनी पियानो वाजवायचा हट्ट असेल तरच ७६ बघा, आणि ते रिक्षात कसं बसणार तेही बघा.

खरी परीक्षा भैरवीची. एका बोटाच्या कॉर्डमध्ये डाव्या हाताने नुसता सा दाबा आणि उजव्या हाताने कोमल गंधार लावा. यंत्र सा बघून मेजर कॉर्ड धरतं आणि खालून शुद्ध गंधार ठोकत राहतं. दुकानदार म्हणतो, 'फ्यूजन आहे.' फ्यूजन नाही, भांडण आहे. यामाहावर सा बरोबर त्याच्या डावीकडची सगळ्यात जवळची काळी की दाबली की मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा कॉर्ड, लागतो आणि भांडण मिटतं. बऱ्याच मॉडेलांवर फिंगर्ड मोडमध्ये (कॉर्डचे स्वर स्वतः धरायचे असतात तिथे) नुसते सा-प धरले तर गंधार वाजतच नाही, आणि रागाच्या गाण्याला मला तेच जास्त बरं वाटतं. तालाचं दुखणं वेगळं. केरवा चार-चारमध्ये बसतो, दादरा तीनच्या किंवा सहाच्या स्टाइलमध्ये चालवून घेता येतो. रूपकाच्या सात मात्रा शोधायला गेलात की मेनू संपतो. म्हणून भारतासाठी काढलेलं पीएसआर-आय५०० एकदा वाजवून बघाच. त्यात रियाजासाठी तबला-तानपुरा आहे.

गायिका काळी चार सांगते, म्हणजे तिचा सा चौथ्या काळ्या कीवर. तुम्ही पांढरी एकमध्येच वाजवा आणि ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) उणे ४ करा. पुढच्या गाण्याला तो शून्यावर आणायला मात्र विसरू नका, नाहीतर बासरीवाला आयुष्यभर बोलून दाखवतो.

पैशाचं म्हणाल तर पीएसआर-एफ५१ सारख्या अगदी स्वस्त कीबोर्डना टच नसतो. हळू दाबा की जोरात, आवाज तोच. शिकणाऱ्या मुलासाठी तो घेऊ नये. ई३७३ ला टच आहे, बेंडर (स्वर ओढून वर-खाली करणारं चाक) नाही. मींड हवी असेल तर ई४७३ पर्यंत चढावं लागतं. एसएक्स९०० लाखाच्या वर जातं. ते ज्यांना कार्यक्रमांतून पैसे मिळतात त्यांनी घ्यावं.

आणि अॅडॉप्टर कंपनीचाच वापरा. यामाहाचे बरेच कीबोर्ड १२ व्होल्टवर चालतात, कॅसिओचं सीटी-एक्स७०० ९.५ वर. सस्टेन पेडल जोडल्यावर त्यावर पाय ठेवून कीबोर्ड चालू करू नका. केलात तर पेडल उलटं चालतं, पाय उचलला की स्वर लांबतो, दाबला की तुटतो, आणि पीस बिघडलेला आला म्हणून अख्खं घर बिल शोधत बसतं. बंद करून पाय न ठेवता पुन्हा चालू केलं की झालं.