भाकरी कमी झाली, गोळी तेवढीच राहिली

डॉक्टर, मधुमेहात भाकरी-भातासारखी कर्बोदके कमी करावीत या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मिळून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो तिच्यातल्या एका प्रसंगामुळे. माझ्यासारख्यांचे लिखाण वाचून आपल्या एका ६१ वर्षांच्या रुग्णाने रात्रीची भाकरी आणि भात परस्पर बंद केला, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे चालू ठेवली, आणि पहाटे घामाने चिंब झालेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या अवस्थेत घरच्यांनी त्यांना आपल्याकडे आणले तेव्हा शुगर ४६, म्हणजे धोक्याइतकी कमी होती, असे आपण लिहिले आहे. त्याशिवाय आपले तीन आक्षेप आहेत: मी डॉक्टरांना कमी कर्बोदकांच्या आहाराचे शत्रू ठरवतो, या आहाराचा दीर्घकाळाचा पुरावा तोकडा आहे, आणि शाकाहारी मराठी घराला तो झेपणारा नाही.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. ‘गोळ्या खपाव्यात म्हणून डॉक्टर भात सोडायला सांगत नाहीत’ हे माझ्या लेखातले वाक्य मी रागाच्या भरात लिहिले होते आणि त्याला कसलाही आधार नव्हता. ते मी काढून टाकले आहे. कमी कर्बोदकांच्या आहाराचे पुरस्कर्ते, दक्षिण आफ्रिकेचे प्राध्यापक टिम नोक्स यांचे उदाहरणही मी चुकीच्या जागी वापरले. २०१४ मधल्या एका ट्वीटवरून त्यांच्यावर तेथील वैद्यक परिषदेत सुनावणी झाली, २०१७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि पुढच्या वर्षी त्यांच्याविरुद्धचे अपीलही फेटाळले गेले, हे सगळे खरे आहे. परंतु ते ट्वीट तान्ह्या बाळाच्या वरच्या आहाराविषयी होते, मधुमेहाविषयी नव्हे. ऑस्ट्रेलियातील अस्थिशल्यचिकित्सक गॅरी फेटके यांचे उदाहरण अधिक जवळचे ठरले असते, कारण मधुमेहामुळे सडलेले पाय कापणाऱ्या या सर्जनला २०१६ मध्ये रुग्णांशी आहाराबद्दल बोलायलाच बंदी घातली गेली आणि २०१८ मध्ये ती मागे घेऊन त्यांची माफी मागितली गेली. तरीही दोन देशांतल्या दोन खटल्यांवरून सगळ्या व्यवसायाचा स्वभाव ठरवता येत नाही, हे आपले म्हणणे बरोबरच आहे.

डॉक्टरांच्या या साशंकतेला इतिहास आहे आणि तो मी लेखात द्यायला हवा होता. जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने मधुमेहाच्या रुग्णाला मांसप्रधान आहारावर ठेवल्याचे १७९७ मध्येच लिहिले होते. इन्सुलिन येण्यापूर्वी अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्या पद्धतीत रुग्णांना अक्षरशः उपाशी ठेवून जगवले जाई, आणि मुले हाडांचे सापळे होऊन काही महिने किंवा एखाददुसरे वर्ष जास्त काढत. १९२२ मध्ये इन्सुलिन हाती आल्यावर ज्या पिढीने हे पाहिले होते तिला कठोर पथ्याचा उबग आला असल्यास नवल नाही. पुढे हृदयविकाराच्या धास्तीने तेल-तुपावर रोख गेला, आणि १९८० च्या दशकात अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या शिफारशीत एकूण उष्मांकांतला कर्बोदकांचा वाटा ६० टक्क्यांपर्यंत पोहोचला. त्याच संस्थेने २०१९ च्या आहारविषयक अहवालात मात्र रक्तशर्करा सुधारण्यासाठी एकूण कर्बोदके कमी करण्यामागे सर्वाधिक पुरावा असल्याचे नोंदवले. आपल्याकडे अजूनही ‘साखर सोडा, गोड फळे जपून खा, बाकी सगळे चालेल’ एवढ्यावर सल्ला संपतो, ही माझी तक्रार कायम आहे.

पुराव्याबाबत आपण म्हणता त्यात बरेच तथ्य आहे. बीएमजे या नियतकालिकात २०२१ साली २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात सहा महिन्यांनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.५ टक्क्यांच्या खाली आणणारे लोक कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के, तर दुसऱ्या गटात ३१ टक्के होते. परंतु वर्ष सरताना हा फायदा ओसरत गेला. उलट बाजूने हेही सांगायला हवे की ब्रिटनमधील डायरेक्ट चाचणीत एका वर्षानंतर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहमुक्त पातळीवर आले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या आहारात कर्बोदकांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. तिथे दिवसाचे एकूण उष्मांकच जेमतेम सव्वाआठशे-साडेआठशे होते आणि वजन भराभर उतरले. माझ्या पंथातल्या उत्साही मंडळींना ही चाचणी फारशी आठवत नाही.

शाकाहारी ताटाचे म्हणाल तर मी घरात वजनकाटा आणला तेव्हा माझेच डोळे उघडले. आमच्याकडच्या एका भाकरीला ६० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके. दोन भाकऱ्या, वाटीभर भात आणि वरण मिळून, ज्याला ‘कमी कर्बोदकांचा’ म्हणतात त्या आहाराची १३० ग्रॅमची दिवसभराची मर्यादा एकाच जेवणात संपत येते. ज्वारी मधुमेहाला चालते म्हणून तिसरी भाकरी आग्रहाने वाढणाऱ्या घरात हे सांगून पाहावे! प्रथिनांसाठी डाळीकडे वळावे तर शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिनांसोबत ५५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकेही येतातच. त्यामुळे दिवसाला ३० ग्रॅमवर राहण्याचा हट्ट आपल्या शाकाहारी घरात बहुधा टिकणार नाही, हे मी मान्य करतो. पण तेवढ्या टोकाला जायची गरजही नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीतल्या १८,०९० प्रौढांच्या माहितीवर बेतलेल्या २०२२ च्या गणितात नव्याने निदान झालेल्यांसाठी कर्बोदके एकूण उष्मांकांच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत असे निघाले. ती प्रत्यक्ष चाचणी नव्हे, हे खरे. तरी दोनऐवजी एक भाकरी, भाताऐवजी दुप्पट भाजी, सोबत पनीर किंवा अंडे आणि शेंगदाण्याची चटणी, एवढा बदल कोणत्याही घरात होऊ शकतो.

आता त्या ६१ वर्षांच्या गृहस्थांविषयी. त्यांनी आहार बदलल्याचे आपल्याला का सांगितले नसावे, हा प्रश्न मला आपल्या तिन्ही आक्षेपांहून मोठा वाटतो, कारण मीही ते लपवले होते. पोह्यांनंतर दोन तासांनी २१४ आणि पालक-पनीर व काकडी खाल्ल्यावर १३८, अशा नोंदींची वही घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी वही न उघडताच बाजूला सारली आणि ‘मग गूगलकडूनच औषध घ्या’ असे म्हणाले. त्यानंतर आठ महिने मी त्यांच्याकडे जात राहिलो, गोळ्या आणत राहिलो, ताटात काय आहे ते मात्र बोललो नाही. पहाटे हात थरथरू लागले की उशाशी ठेवलेला गूळ खायचा, असे ते दिवस होते. दुसऱ्या डॉक्टरांनी ताटाला हात लावण्याआधी ग्लिमेपिराइड निम्मी केली आणि दोन आठवड्यांच्या नोंदी मागितल्या, तेव्हा कुठे गूळ स्वयंपाकघरात परत गेला.

माझ्या लेखात गोळ्यांविषयी एक ओळही नव्हती, हा दोष संपूर्ण माझा. आता अगदी सुरुवातीलाच लिहिले आहे की ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवल्याशिवाय भाकरी-भात कमी करू नये. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असताना कर्बोदके फार तोडली तर शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते, म्हणून उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागल्यास घरचे मीटर पाहून निर्धास्त राहू नये. या मजकुरात काही राहिले असेल तर आपण सुचवावे, मी तसे बदलेन.

त्या गृहस्थांची तब्येत आता कशी आहे, आणि आपण त्यांची गोळी कमी केली की भाकरी पुन्हा सुरू केली, हेही जमल्यास कळवावे.