पालकसभेत टक्क्यांशिवाय काही बोलतात का?

मुलांच्या मनाची काळजी घ्यायची तर शाळेनं आधी पालकांना जवळ करावं, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण आमच्याकडे पालकसभा म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही आणि 'घरी लक्ष द्या' एवढंच. काय लक्ष द्यायचं, ते कोण सांगणार?

माझा मुलगा नववीत असताना घरात बोलेनासा झाला. रात्री दोन-दोनपर्यंत जागा. मला वाटलं, मोबाईलचा नाद. शाळेच्या फाटकाशी थांबले असताना एक आई सहज म्हणाली, "आमचंबी तसंच चाललंय की ओ." तेवढ्या वाक्यानं मी निम्मी हलकी झाले. मग आम्ही चार-पाच जणी शनिवारी रंकाळ्यावर भेटू लागलो. सल्ले कमी, ऐकणं जास्त. (भेळ मात्र दरवेळी!) वर्गशिक्षिका एकदा येऊन बसल्या, तेव्हा कळलं की तो वर्गातही डबा न खाता परत आणायचा. हे सभेत कधीच निघालं नसतं.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. खासगी विनाअनुदानित शाळांना हे लागू नाही, पण बाकीच्या ठिकाणी तरी त्या बैठकीत रंगरंगोटीबरोबर मुलांची झोप, भीती हेही विषय घ्या की. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक फलकावर लिहा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मला तो फार उशिरा कळला.