म्हणे दिवाळी झाली की निवांत!

दिवाळीला आलेले पुण्याचे पाव्हणे दरवर्षी जाता जाता तेच बोलतात, "आता काय, सुगी झाली, निवांत तुम्ही!" अरे कसलं डोंबलाचं निवांत, सोयाबीनच्या रानात हरभरा टाकायचाय, शाळू (रब्बी ज्वारी) कोळपायला आलाय, शेणीचा हुडवा (गोवऱ्यांचा ढीग) रचायचाय, गोठ्याला वारं लागतंय म्हणून बारदान बांधायचंय आणि आडसाली ऊस 16 महिन्यांचा होऊन तुरा फुटला तरी ऊसतोड टोळीवाला फोन उचलंना, उचलला की आधी एन्ट्रीचं (तोडीसाठी वरच्या पैशाचं) बोलतोय (उसाचं वजन घटतंय माझ्या, त्याचं काय जातंय). त्यात मोटरीची थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची, म्हणजे कानटोपी घालून 2 वाजता रानात पाण्याची दारं धरायला मीच. आणि सकाळी सकाळी पाव्हण्यांचा मेसेज, "दादा, हुरडा कधी?"