दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमच्या रायडिंग स्कूलचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय. तुमची तक्रार अशी: मुलगी ८० सेंटिमीटरच्या उड्या मारत होती, एकदा पडली, आणि तेव्हापासून दोन महिने आम्ही तिला जमिनीवर ठेवलेल्या पोल्सवरून फिरवतोय. फी जंपिंग बॅचची, घोडा बदलून म्हातारी घोडी दिली, वर नवीन हेल्मेट घ्यायला लावलं.

फीचं तुमचं म्हणणं बरोबर. दोन महिन्यांचा फरक परत मिळेल, ऑफिसात सांगून ठेवलंय. हेल्मेटवर मात्र मी हटणार नाही. पडताना डोकं आपटलं की आतला फोम दबतो. वरून ओरखडाही दिसत नाही, पण पुढच्या वेळी ते हेल्मेट किती वाचवेल याचा भरवसा नसतो.

आता त्या दिवसाबद्दल. घोडा दुसऱ्या उडीला अडला आणि मुलगी त्याच्या मानेवरून पुढे गेली. कोचने तिला सांगितलं, 'तू खाली बघितलंस.' मग तिला परत बसवून तीच उडी घ्यायला लावली. पडलं की लगेच बसायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. लागलेलं नसेल तर परत बसवून दोन चकरा वॉक करायला हरकत नाही. पण थरथरणाऱ्या मुलीला तीच उडी मारायला लावणं चूक होतं. तिने ती मारलीही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी ती पोट दुखतंय म्हणून आली नाही.

त्याच संध्याकाळी मी टेप घेऊन मैदानात गेले. दोन उड्यांमधलं अंतर २४ फूट भरलं. कँटरमधली, म्हणजे हळू दौडीतली, एक ढांग १२ फुटांची, अधिक उतरायला ६ आणि उडायला ६, असा तो हिशोब. रेस सोडून आमच्याकडे आलेल्या उंच थरोब्रेड घोड्यांना तो बरोबर बसतो, आणि आधीची बॅच त्यांच्यावरच होती. तुमच्या मुलीचा घोडा जेमतेम १४ हँडचा, म्हणजे खांद्यापाशी ४ फूट ८ इंच. त्याला २१ फूट हवे होते. पोल कोणी सरकवलेच नाहीत. त्या घोड्याला ना लांबून झेपावता आलं, ना मध्ये आणखी एक पाऊल नीट बसवता आलं. तो अडला यात तिचा काडीचा दोष नव्हता. चूक आमची होती.

हे आम्ही तिला सांगितलं, पण अकरा दिवसांनी. तोवर ती स्वतःलाच दोष देत राहिली. तुम्हाला तर सांगितलंच नाही. याबद्दल तुमची आणि तिची माफी मागते.

मग पोल्सवर दोन महिने कशाला? ती परत आली तेव्हा उडी दिसली की तिच्या मुठी आवळायच्या. उडताना घोडा मान पुढे ताणतो, आणि नेमका तेव्हा लगाम खेचला गेला की तोंडात कडी टोचते. नाकासमोरचं अगदी जवळचं त्याला नीट दिसत नाही, म्हणून उडीकडे येताना डोकं हलवायची मोकळीक त्याला लागते. असं चार वेळा झालं की चांगला घोडाही अडायला शिकतो, आणि मग स्वाराची भीती खरी ठरते. 'घाबरू नकोस' म्हणून मुठी सुटत नाहीत. मी स्वतः एकदा पडून वर्षभर यातून गेलेय, तेव्हा हे वाक्य ऐकलं की डोकंच फिरायचं.

म्हणून आधी गळ्यात पट्टा असलेली घोडी दिली; लगामाऐवजी तो पट्टा धरायचा. साडेचार-साडेचार फुटांवर चार पोल, ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, मोठ्याने आकडे मोजत. मोजताना श्वास रोखता येत नाही, हा त्यातला फायदा. मग त्यांच्यापुढे ९ फुटांवर मधोमध फूटभर उंचीचा क्रॉस, म्हणजे दोन तिरके पोल फुलीसारखे लावून केलेली छोटी उडी. घोडी १९ वर्षांची आहे हे खरं. तिला उडीचं ना कौतुक ना भीती, आणि वरचा माणूस कितीही डगमगला तरी तिची लय मोडत नाही. तिच्यासारखी दुसरी माझ्याकडे असती तर मी आणखी दोन बॅच चालवल्या असत्या.

परत ८० सेंटिमीटर कधी, याची तारीख मी देणार नाही. मागच्या शनिवारी तिने पट्टा न धरता क्रॉस सहा वेळा घेतला. या रविवारी दोन छोट्या उड्या लावल्या होत्या. घोड्यावर बसायच्या आधी तिने कोणाला न विचारता मधलं अंतर तीन-तीन फुटांची मोठी पावलं टाकून मोजलं. आठ आली. मग कोचला म्हणाली, 'हिला सात लागतील, पोल सरकवा.' कोचने सरकवले.